वरच्या आळीचं दूध

दूध ओतायला जागा लागते, हे मला पन्नाशीत कळलं. पाणी कुठंही ओता, जमीन पिऊन टाकते. दूध तिथंच पडून राहतं, नासतं, त्यावर पिवळी साय धरते, माश्या बसतात. दुसऱ्या दिवशी त्याच जागी पुन्हा ओतायला जाववत नाही. डेअरी बंद झाली त्या आठवड्यात आमच्या गावाची गटारं पांढरी झाली होती. कुत्री पिऊन पिऊन पोटं फुगवून रस्त्यात आडवी पडली होती आणि आंबलेला वास कपड्यांत, केसांत, अंथरुणात शिरला होता. शहरातून एक फोटोवाला आला. नाकाला रुमाल लावून मला म्हणाला, "मावशी, अजून एकदा ओता ना, मघाशी नीट आलं नाही." मी त्याला काय बोलले ते इथं सांगण्यासारखं नाही.

डेअरी म्हणजे आमचं सगळं होतं. घरटी एक-दोन गायी, सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन रांगेत उभं राहायचं, दूध घालायचं. आमचे हे डेअरीच्या टँकरवर. गावात त्यांना कुणी नावानं हाक मारत नाही, ड्रायव्हर म्हणतात, म्हणून मी ड्रायव्हरीण. माझे धाकटे दीर डेअरीत कॅन धुवायला होते. कढत पाणी आणि सोडा, सोडा आणि कढत पाणी. त्यांच्या बोटांची कातडी बारमाही सोललेली असायची. लोक त्यांना सोडाच म्हणायचे. "ए सोडा, इकडं ये जरा." भाऊजी हसायचे आणि जायचे. हसण्यावाचून करतात काय?

आमच्या गोठ्यामागे एक भिंत आहे आणि भिंतीपलीकडे वरची आळी सुरू होते. तिथले लोक डोंगरापलीकडचे. त्यांचे आजे-पणजे डेअरीची इमारत बांधायला आले आणि इथंच राहिले. बोलताना शब्द जरा ओढतात, एवढाच काय तो फरक. भिंतीला लागून जिचं घर, तिला सगळं गाव कासंडी म्हणायचं. धार काढायची कासंडी बाईच्या कमरेवरून कधी उतरायची नाही. बाजारात, दवाखान्यात, कुणाच्या मयताला गेली तरी कासंडी काखेला. नवरा केव्हाच गेलेला, मुलगी लांब दिलेली, आणि घरात एक तांबडी गाय. त्या गाईवर तिचं चालायचं. भिंतीला एके जागी गाय जाईल एवढं खिंडार पडलं होतं, तिथून आमच्या गप्पा चालायच्या.

"ड्रायव्हरीणबाई, मी आज गटारात न ओतता मोरीत ओतलं," ती त्या आठवड्यात म्हणाली. "आंघोळच केली म्हण ना. राण्या करतात म्हणे."

"मग झालीस का गोरी?"

"माश्या बसल्या अंगावर. तेवढं राण्यांचं कुणी सांगत नाही."

आम्ही हसलो. मग ती रडली. मग मीही.

डेअरी का बंद झाली ते काही गूढ नव्हतं. चेअरमननं ती एका कंपनीला विकली. कंपनीला बोटीतून येणारी पावडर स्वस्त पडली. मग कशाला हव्यात आमच्या गायी? टँकर नेला, वजनकाटे नेले, दाराची कुलपंसुद्धा नेली. चेअरमननं लोकांना बोलावून सांगितलं, "बाजारच असा आहे. माझ्या हातात काही नाही." इतकी वर्षं ज्याच्या हाताशिवाय गावातलं पान हललं नाही, त्याच्या हातात एकाएकी काही नव्हतं! मग एक मंत्री येऊन गेले. जुन्या सरकारातले. गाडीतून उतरले नाहीत. म्हणाले, "दुसरा जोडधंदा बघा, कोंबड्या पाळा." मी म्हटलं, "साहेब, कोंबडीची धार कशी काढायची तेवढं दाखवून जा." पोलिसानं मला खांद्याला धरून मागं सारलं.

ह्यांचं बघवत नव्हतं. टँकरच्या वेळेला माणसाला जाग यायची. आंघोळ करायचे, इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि अंगणात हात मागे बांधून उभे राहायचे. जायचं कुठं? मग एके दिवशी तालुक्याच्या नाक्यावर गेले, जिथं रोजंदारीची माणसं उभी राहतात. तिथंही इस्त्रीचा शर्ट घालूनच गेले. बाकीचे हसले. म्हणाले, लग्नाला आलाय का? मुकादम आला, त्यानं ह्यांचा दंड दाबून बघितला, मग पोटरी बघितली, आणि शेजारच्या पोराला घेऊन गेला. हे मला ह्यांनी सांगितलं नाही. त्याच नाक्यावर उभ्या राहणाऱ्या एकाच्या बायकोकडून कळलं. ह्यांनी घरी येऊन एवढंच सांगितलं, "काम मिळतंय, एका मालकाच्या गाड्या बघायच्या." मला वाटलं चालवायच्या. पण रोज संध्याकाळी पँट गुडघ्यापर्यंत ओली. गाड्या धुवायचे. ज्या माणसानं आयुष्यभर भरला टँकर घाटातून एका हातानं खाली आणला, तो दुसऱ्याच्या गाडीची चाकं पुसत होता. मी पँट वाळत घालायची आणि काही विचारायची नाही.

उरलेलं दूध मी तालुक्याला दारोदार नेऊन बघितलं. एका बाईनं किटलीत बोट बुडवलं, चाटलं, आणि म्हणाली, "पातळ आहे. तुमच्याकडचं नकोच बाई, पेपरात काय काय येतं." दार लावलं. बोट बुडवलेलं दूध घेऊन मी परत आले.

अशात फीतवाले आले. आधीही होते ते. दोन-चार टाळकी, दंडाला जांभळी फीत बांधून चौकात ओरडायची, "आधी आपले! आधी आपले!" लोक हसायचे, वेडी पोरं म्हणायचे. आता कुणी हसत नव्हतं. आणि एक दिवस आमच्या भाऊजींच्या दंडाला फीत दिसली.

"हे काय, भाऊजी?"

"वहिनी, तिथं मला कुणी सोडा म्हणत नाही," ते म्हणाले. फीत दंडावर सरळ केली आणि चौकाकडे निघाले.

पुढच्या आठवड्यात फीतवाले टँकर घेऊन आले. जुनाच, रंग काढलेला, बाजूला जांभळा पट्टा. त्यांचे पुढारी, ज्यांना सगळे नुसतं मोठे म्हणायचे, ते स्वतः आले होते. अंगानं लहानखुरा माणूस, आवाज मऊ. आमच्या अंगणात आले, ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "ड्रायव्हरसाहेब, जेवलात का?"

एवढ्या महिन्यांत ह्या माणसाला कुणी जेवलात का म्हणून विचारलं नव्हतं. चेअरमननं नाही, मंत्र्यानं नाही, पाहुण्यारावळ्यांनी नाही. ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. मोठ्यांनी किल्ली ह्यांच्या मुठीत ठेवली आणि मूठ बंद केली. खरं सांगते, त्या माणसानं त्या वेळी माझ्याकडे किडनी मागितली असती तर मी चाकू आणायला उठले असते.

त्यांनी किडनी नाही मागितली. संध्याकाळच्या सभेला या म्हणाले.

सभेत तेच मोठे निराळ्याच आवाजात बोलले. डेअरी कुणी बुडवली? भेसळीनं. भेसळ कुणी केली? जे आपले नाहीत त्यांनी. डोंगरापलीकडून आले, आपल्या कुरणावर गायी चारल्या, आपल्या दुधात आपलं पाणी घालून आपल्यालाच विकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमननं डेअरी विकली हे त्या मैदानातल्या प्रत्येकाला माहीत होतं, शेंबड्या पोराला माहीत होतं. पण चेअरमनच्या घराला उंच कुंपण आहे आणि दारात दोन कुत्री आहेत. वरच्या आळीला कुंपण नाही. राग काढायचा तर जिथं हात पोचतो तिथंच माणूस काढतो. मीसुद्धा मनात म्हटलं, बोलायचं म्हणून बोलतात, आपल्याला काय, टँकर चालू झाला ना!

आणि निवडणूक आली तेव्हा फीतवाल्यांना मत दिलं. दिलं तर दिलं. का नाही द्यायचं? जुन्यांनी कोंबड्या पाळा म्हणून सांगितलं होतं, फीतवाल्यांनी किल्ली दिली होती. कुणी मला शहाणपण शिकवायचं असेल तर आधी नासक्या दुधात पाय बुडवून या आणि मग शिकवा. आमच्या गावानं दिलं, शेजारच्या गावानं दिलं, आणि रेडिओवर सांगितलं, फीतवाल्यांचं सरकार आलं. मतं मोजून आलं, सरळ मार्गानं. कुणी तलवार घेऊन आलं नव्हतं.

रांग पुन्हा लागली. फीतवाल्यांनी दूध घ्यायचं केंद्र उघडलं आणि केंद्रप्रमुख झाले आमचे भाऊजी. लोखंडी खुर्ची, टेबल, दंडाला रुंद फीत. पहिल्यांदा फीत बांधायची का नाही ते आपल्या मनावर होतं. मग भाऊजी म्हणायला लागले, "बांधली तर बरं दिसतं." मग ज्यांनी बांधली त्यांचं दूध आधी घ्यायला लागले. मग सगळ्यांनीच बांधली. मीही बांधली, एक चिंधी तर आहे. वरच्या आळीतल्यांनीही बांधली. कासंडीनं तर काखेतल्या कासंडीच्या कानाला बांधली. म्हणाली, "माझ्यापेक्षा हिचंच दूध जास्त."

आणि एका सकाळी भाऊजींनी तिला बाजूला उभं केलं.

"वरच्या आळीचं दूध आजपासून घ्यायचं नाही. वरून आदेश आहे."

"का हो?"

"भेसळ."

"मग तपासा की." तिनं झाकण काढलं. "बघा, बोट घाला, काय घालायचं ते घाला."

"तपासायचं नाही म्हणून आदेश आहे."

रांगेतलं कुणीतरी हसलं. आपल्याच गावातलं, तिच्याच हातचा चीक दर वर्षी मागून नेणारं. ती किटली उचलून गेली. ओतल्याचा आवाज मला भिंतीपलीकडून आला. मी ओळखते तो आवाज.

त्या रात्री जेवताना मी विषय काढला. "अहो, भाऊजींना सांगा ना. एकटी बाई आहे ती, खाईल काय?"

"त्याच्या हातात नाही," हे म्हणाले.

"चेअरमनही असंच म्हणायचे."

ह्यांनी ताट सारलं आणि उठले. ताटात अर्धं तसंच होतं.

आमची गाय तेव्हा गाभण होती आणि आटलेली. गोठ्यात दावं रिकामं होतं. मला वाटलं, सोपं आहे. भिंतीतल्या खिंडारातून कासंडीची तांबडी आणि तिचं वासरू इकडं आणायचं, माझ्या गोठ्यात बांधायचं, धार मी काढायची, दूध माझ्या किटलीत घालायचं. गाईच्या अंगावर काही आळी लिहिलेली नसते. कासंडी नको नको म्हणत होती. "तुझ्या अंगाशी येईल गं," म्हणाली. मी म्हटलं, "येऊ दे." गाय आणली.

आणि गाय पान्हाच सोडेना! मी कोमट पाण्यानं कास धुतली, वासरू लावलं, वासरानं चार ढुशा मारल्या, बांधलं, बसले. थेंब नाही. तांबडी मान वर करून भिंतीकडे बघत उभी. मी गोंजारलं, पुढ्यात पेंड ठेवली, शिव्या दिल्या. धार चोरली तिनं, सगळं दूध वर धरून ठेवलं. शेवटी भिंतीपलीकडून कासंडी म्हणाली, "सरक, बाई." आली, बसली, गाईच्या पोटाला कपाळ टेकलं, आणि अशी धार लागली की मला माझ्याच गोठ्यात परकं वाटलं.

मग तसंच सुरू झालं. उजाडायच्या आत कासंडी खिंडारातून यायची, धार काढायची, जायची. मी किटली घेऊन रांगेत. संध्याकाळी पुन्हा. रांगेतल्या प्रत्येक बाईला माहीत होतं माझी गाय आटलीय. गावात कुणाची गाय कधी फळली, कधी व्यायची, हे नवऱ्याच्या पगारापेक्षा नक्की माहीत असतं. पण कुणी बोललं नाही. एकीनं मला नुसता डोळा मारला. मला वाटलं, चला, गावात अजून माणसं आहेत. ह्यांनाही माहीत होतं. हे धारेच्या वेळेला गोठ्याकडे फिरकायचे नाहीत. बघितलं नाही म्हणजे माहीत नाही, असा त्यांचा हिशेब.

कुणी सांगितलं ते मला आजवर कळलं नाही. डोळा मारणारीनंच सांगितलं असेल तरी मला नवल वाटणार नाही.

त्या सकाळी कासंडी यायच्या आधीच भाऊजी दारात. मागे फीतवाली चार पोरं, त्यांच्या हातात काठ्या. त्यांच्यामागे रांगेतले निम्मे लोक, किटल्या हातात धरूनच आलेले. फाटकाशी टँकर उभा होता आणि हे चाकाजवळ, किल्ली मुठीत घेऊन.

"वहिनी, तुमची गाय आटलीय ना?"

"आटलीय. गाभण आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग दूध कुणाचं घालताय?"

"नव्या गाईचं. विकत घेतली मी."

"कुणाकडनं?"

"जिची होती तिच्याकडनं. गाईला आळी नसते, भाऊजी."

मागे दोघं-तिघं हसले. भाऊजींचे कान लाल झाले. लोक हसले की त्यांना अजून सोडा म्हटल्यासारखं होतं, मला ठाऊक आहे. म्हणाले, "बरं. मग आमच्यासमोर धार काढून दाखवा."

गोठ्यात गेले मी. करते काय? कास धुतली, वासरू लावलं, सोडवून बांधलं, भांडं गुडघ्यांत धरून बसले. मागे सगळं गाव किटल्या धरून उभं. मी सड ओढले. काही नाही. पुन्हा ओढले. कास रात्रभराच्या दुधानं तट्ट फुगलेली, आणि एक थेंब नाही. घाम माझ्या पाठीवरून कमरेत उतरत होता. मी हळूच म्हणत होते, सोड गं बाई, आजच्या दिवस सोड. तांबडीनं लाथ मारली. भांडं खणखणत भाऊजींच्या पायाशी गेलं.

"इतके दिवस तुमच्याच हातची ना ही?" भाऊजी म्हणाले. आता ते हसत होते.

"अंगावर माणसं बघून बुजली."

"बुजली काय?" फीतवाल्या एका पोरानं पुढं होऊन गाईच्या पाठीत काठी घातली. "सोड दूध! सोड!" गाय हंबरली. दावं ताणून भिंतीकडे तोंड करून हंबरली. त्यानं पुन्हा घातली. मी त्याचा हात धरायला उठले तर दुसऱ्यानं मला मागं ओढलं.

आणि कासंडी खिंडारातून आली. ती आली नसती तर काय झालं असतं? मी म्हटलं असतं, नवी आहे, रुळली नाही. दोन शिव्या खाऊन मिटलं असतं. पलीकडे गप्प बसून राहायचं होतं तिनं. पण तिला नाही बसवलं. डोक्यावरचा पदर पडलेला, पायात काही नाही.

"मारू नका. मुकं जनावर आहे. कास फुटेल तिची."

तिनं कुणाकडे बघितलं नाही. माझ्या हातातलं फडकं घेतलं, भांडं उचललं, पुसलं, बसली. गाईनं मान वळवून तिचं डोकं हुंगलं. धार लागली. भांड्यात आधी पातळ वाजली, मग जाड. अख्ख्या अंगणात तेवढाच आवाज होता.

"बघितलंत सगळ्यांनी?" भाऊजी म्हणाले. मग ते ह्यांच्याजवळ गेले. आवाज खाली आणला, पण मी चार हातांवर होते, मला ऐकू आलं. "दादा, वरून निरोप आलाय. तुझ्याच घरात हे चाललंय म्हणून. माझं केंद्र जाईल, तुझी गाडी जाईल. तू फक्त एवढं म्हण, ह्या बाईनं फसवून गाय तुमच्या गोठ्यात बांधली. घरच्यांना काही माहीत नव्हतं. एवढंच म्हण."

"मला सगळं माहीत होतं!" मी ओरडले. "मीच आणली गाय. मीच दूध घातलं. लिहून घ्या माझं."

"वहिनी, तुम्ही गप्प बसा."

"का गप्प बसू? माझा गोठा आहे!"

माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. सगळे ह्यांच्याकडे बघत होते. इस्त्रीच्या शर्टात हे उभे. मूठ इतकी घट्ट की बोटं पांढरी पडलेली.

"अहो, बोला ना. सांगा ना त्यांना," मी म्हटलं.

"फसवलं," हे म्हणाले.

"मोठ्यानं, दादा."

"फसवलं आम्हाला तिनं."

धारेचा आवाज थांबला नाही. दूध अर्धवट ठेवलं तर कास सुजते, म्हणून कासंडीनं शेवटच्या थेंबापर्यंत काढलं. चारी सड एकेक करून निपटले. मग उठली. पोरानं तिच्या हातातलं भांडं घेतलं आणि आमच्या उंबऱ्यासमोर पालथं केलं. ती वासरू सोडून, गाईचं दावं धरून फाटकातून गेली, सगळ्यांच्या मधून. खिंडारातून गेली नाही. लोकांनी वाट दिली. हे गाडीत चढले, कारण गाडीची वेळ झाली होती.

घरी आले तेव्हा मी थांबूनच होते.

"खोटं बोललात तुम्ही."

"गाडी गेली असती."

"जाऊ द्यायची होती."

"आणि पुन्हा नाक्यावर कोण उभं राहणार? तू?"

"राहीन. मी राहीन!"

हे माझ्याकडे वळले. म्हणाले, "तुझा दंड कुणी दाबून बघितलेला नाही."

मी चुलीकडे वळले. पण आजही माझं डोकं फिरतं. ज्यांनी ह्या माणसाला नाक्यावर उभं केलं ते आपल्या घरात बसून होते. ज्यांनी नाक्यावरून उचलला त्यांनी त्याची जीभ काढून घेतली. दोघांच्या मधे भरडली गेली कोण, तर एक गाय असलेली बाई!

वरच्या आळीचा नळ आधी बंद झाला. मग कुणीतरी त्यांच्या कौलांवर दगड टाकले. एकेक घर उठायला लागलं. कासंडीनं तांबडी व्यापाऱ्याला दिली, मिळेल त्या भावानं. मी खिंडाराशी गेले तेव्हा ती गाठोडं बांधत होती.

"ह्यांच्याबद्दल..." मी सुरुवात केली.

"त्यांचं राहू दे," ती म्हणाली. "त्यांना किल्ली प्यारी होती, मला दिसली ना त्यांच्या मुठीत. पण बाकीचे किटल्या घेऊन उभे होते, माझ्या दारात लहानाचे मोठे झालेले, ते कशासाठी गप्प होते गं?"

"पोटासाठी," मी म्हटलं.

"माझं पोट काय दगडाचं होतं?" तिनं गाठ आवळली, कासंडी काखेला मारली आणि मुलीकडे निघून गेली. वळून बघितलं नाही. मी तिच्या जागी असते तर थुंकूनच गेले असते.

भिंत बांधून काढली फीतवाल्यांनी. वरच्या आळीची घरं वाटली. कुणाला? चेअरमनच्या भाच्यांना. हो, चेअरमनच्या. तो आता सभेत पहिल्या रांगेत बसतो, दंडाला भाऊजींपेक्षा रुंद फीत बांधून, आणि "आधी आपले" म्हणताना सगळ्यात मोठा आवाज त्याचा असतो. ज्यानं डेअरी विकली तो डेअरी वाचवणारा झाला. आणि टाळ्या वाजवायला आम्ही आहोतच.

माझी गाय व्यायली. कालवड झाली. मी पुन्हा रांगेत उभी राहायला लागले, माझ्याच गाईचं, माझ्याच हातानं काढलेलं दूध घेऊन. तोवर दर एकदा उतरला होता. मग पुन्हा उतरला. लोक घरात कुरकुरायचे, रांगेत कुणी नाही. एका सकाळी मात्र एका म्हाताऱ्याला राहवलं नाही. किटली टेबलावर ठेवून त्यानं विचारलं, "केंद्रप्रमुख, दर का हो सारखा खाली येतोय?"

"दुधात पाणी लागतंय," भाऊजी म्हणाले. "वर तपासणी झाली."

"वरच्या आळीचे तर गेले ना?" मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं. निघालं ते बरंच झालं. "आता एकही राहिलेला नाही इथं. मग पाणी कोण घालतंय?"

भाऊजींनी लेखणी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलंच नाही त्यांनी, रांगेकडे बघितलं.

"वरचे गेले," ते सावकाश म्हणाले. "पण त्यांचं कुणीतरी इथं राहिलंय."

माझ्या पुढच्या बाईनं किटली उचलली आणि ती पुढं सरकली. मागची मागं सरली. म्हातारा आपली किटली घेऊन बाजूला झाला, त्याचाच प्रश्न होता तरी. बघता बघता दोन्ही बाजूंना मोकळी जमीन झाली आणि मधे मी, किटली घेऊन, एकटी.

टँकर तिथंच उभा होता, दहा पावलांवर. हे चाकामागे बसलेले. सगळं ऐकलं होतं त्यांनी, मान माझ्याकडेच होती.

"अहो," मी हाक मारली.

भर उन्हाळ्याचे दिवस. त्या गाडीला पंखासुद्धा नाही. ह्यांनी काच वर केली.